इंटर्नल सेफ्टी ऑडिटमध्ये दरवेळी झिरो एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नोंदवलेली त्रुटी), आणि प्रेसशॉपमध्ये बोटं जातायत. ऑडिट नेमकं कसं करायचं?

चाकणवाला

नमस्कार मंडळी. मी चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत ईएचएसला (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा विभागात) आहे, कंपनीचं नाव कृपया विचारू नका. प्रेसशॉप, वेल्डशॉप, छोटं पेंटशॉप आणि मागे ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लँट) असा सगळा पसारा. आयएसओ ४५००१ चं (कामगार सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डचं) सर्टिफिकेट आहे, पुढच्या महिन्यात सर्व्हिलन्स ऑडिट (सर्टिफिकेट देणाऱ्यांची अधूनमधून होणारी तपासणी) आहे आणि त्याच्या आधीचं इंटर्नल ऑडिट यावेळी माझ्या गळ्यात आलंय.

तयारी म्हणून मागच्या तीन-चार वर्षांचे इंटर्नल रिपोर्ट काढून वाचले. बहुतेक झिरो एनसी, आणि ज्या काही आहेत त्या काय तर असेंब्ली पॉइंटचा बोर्ड फिकट झालाय, फर्स्ट एड बॉक्सच्या यादीवर सही नाही, डॉक्युमेंटचा रिव्हिजन नंबर जुना आहे. त्याच काळात प्रेसशॉपमध्ये एका कंत्राटी पोराची दोन बोटं पेरापासून गेली. बिहारचा पोरगा, लागून दोन महिनेही झाले नव्हते. त्या अपघाताच्या रिपोर्टमध्ये मूळ कारण काय लिहिलंय तर "कामगाराचा निष्काळजीपणा" आणि उपाय काय तर "ट्रेनिंग दिलं". त्यानंतर झालेल्या इंटर्नल ऑडिटमध्ये त्या क्लॉजसमोर (स्टँडर्डमधल्या कलमासमोर) सरळ "कम्प्लाइड" अशी टिक आहे. हे वाचल्यापासून डोकं जागेवर नाहीये.

प्लँट हेडचं म्हणणं आहे की बाहेरचे ऑडिटर यायच्या आधी सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे. टीममध्ये क्वालिटीचे दोघं आहेत, चांगले आहेत पण त्यांना चेकलिस्टची सवय. जेमतेम दोन दिवस मिळणारेत. ज्यांनी हे काम मनापासून केलंय त्यांनी सांगा, त्या दोन दिवसांत मी काय बघू?

तळोजा_शिफ्ट

चेकलिस्ट पहिल्या दिवशी बाजूला ठेवा. क्लॉज ४ पासून सुरू करून १० पर्यंत जायच्या नादात दोन दिवस कॉन्फरन्स रूममध्येच संपतात, फायली येतात, चहा येतो, आणि मशीन कोणी बघत नाही.

त्या अपघातापासून उलटं चालत जा. ज्या प्रेसवर बोटं गेली तिथे उभे रहा आणि त्या प्रेसची हायरामधली (धोके आणि त्यांवरचे उपाय लिहिलेल्या तक्त्यातली) ओळ हातात घ्या. तिथे कंट्रोल काय लिहिलंय? समजा लाईट कर्टन (हात मध्ये आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लिहिलंय. मग तो कर्टन आहे का, चालू आहे का, शिफ्ट सुरू होताना टेस्ट रॉड घालून कोण बघतं, त्याची नोंद कुठेय, कर्टनची बायपास चावी (तो निकामी करून मशीन चालवायची) कोणाकडे असते. नुसतं विचारू नका, ऑपरेटरला टेस्ट रॉड आणून दाखवायला सांगा. रॉड शोधायला कपाटं उघडावी लागली तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं, मग रजिस्टरमध्ये रोजच्या टिका असल्या तरी. नंतर अपघातानंतर हायराची ओळ बदलली का ते बघा, आणि मग त्याच जातीच्या बाकीच्या सगळ्या प्रेस बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. अपघात झालेल्या मशीनवर सगळे पाट्या लावतात, शेजारच्या मशीनकडे कोणी बघत नाही.

एवढ्या एका अपघाताच्या मागे गेलात तरी रिस्क असेसमेंट, मेंटेनन्स, ट्रेनिंग, कंत्राटदार, इन्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन, मॅनेजमेंट रिव्ह्यू असे सगळे विषय आपोआप येतात, क्लॉज नंबर नंतर टाकता येतात.

मुग्धा_एस

तळोजा_शिफ्ट यांना पूर्ण अनुमोदन. मी सर्टिफिकेशन ऑडिट करते, त्या बाजूने थोडं.

तुमच्या केसमध्ये दोन ठिकाणी स्टँडर्ड अगदी स्पष्ट आहे. क्लॉज ८.१.२ सांगतो की धोका आधी मुळातच काढून टाकता येतो का बघा, मग बदली, मग इंजिनिअरिंग कंट्रोल, मग सूचना-ट्रेनिंगसारखे उपाय आणि अगदी शेवटी पीपीई (हातमोजे, हेल्मेट वगैरे). प्रेसखाली बोटं गेल्यावर थेट ट्रेनिंगवर उडी मारली असेल तर वरच्या तीन पायऱ्यांचा विचार झाला का याचा पुरावा मागा. दुसरा क्लॉज १०.२. तिथे असं म्हटलंय की अशीच घटना आणखी कुठे घडू शकते का ते ठरवा, आधीचं रिस्क असेसमेंट पुन्हा तपासा, आणि केलेला उपाय खरंच लागू पडला का ते बघा. "ट्रेनिंग दिलं" ही झाली कृती, ती लागू पडली का हे कुठे लिहिलंय?

आता एनसी लिहायची कशी, कारण इथेच निम्मी ऑडिट वाया जातात. "प्रेसशॉपमध्ये सेफ्टी अवेअरनेस कमी आहे" असं लिहिलंत की समोरचा लगेच टूलबॉक्स टॉक (कामाआधीची पाच-दहा मिनिटांची सुरक्षा चर्चा) घेऊन फोटो लावणार आणि एनसी बंद. त्याऐवजी काय अपेक्षित होतं, प्रत्यक्ष काय दिसलं आणि कशावरून दिसलं ते लिहा. म्हणजे समजा असं: "अपघातानंतरच्या कारवाईत फक्त ट्रेनिंगची नोंद आहे, इंजिनिअरिंग उपायांचा विचार केल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याच प्रकारच्या शेजारच्या प्रेसवर दोन हातांच्या बटणांपैकी एक बटण टेप लावून कायम दाबून ठेवलेलं दिसलं, सुपरवायझर सोबत होते. हायरामधली या कामाची ओळ अपघातानंतर तपासलेली नाही." यात कोणाचं नाव नाही, कोणावर आरोप नाही, पण टूलबॉक्स टॉकने हे बंदही करता येत नाही.

आणि हो, ऑपरेटरचं नाव रिपोर्टमध्ये कधीही टाकू नका. एकदा टाकलंत की पुढच्या वेळी तुमच्याशी कोणी खरं बोलणार नाही.

यारा_काठचा (मेलबर्न)

मी वीसेक वर्षं इथे गॅस आणि ऑइलच्या क्षेत्रात आहे. झिरो एनसी म्हटलं की इथल्या माणसांना लाँगफर्ड आठवतं. तुमच्या प्लँट हेडनाही सांगा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हिक्टोरिया राज्यात लाँगफर्डला एस्सोचा गॅस प्लँट. २५ सप्टेंबर १९९८ ला तिथे गरम तेल फिरवणारे पंप बंद पडले, त्यामुळे एक हीट एक्स्चेंजर उणे ४० अंशांच्याही खाली गेला, बाहेरून बर्फ जमलेला दिसत होता. इतक्या थंडीत स्टील काचेसारखं ठिसूळ होतं. त्यात परत गरम तेल सोडलं, एक्स्चेंजर फुटला, दोघं गेले, आठ जखमी झाले, आणि मेलबर्नला जवळपास दोन आठवडे गॅस नव्हता. लोकांनी थंड पाण्याने आंघोळी केल्या.

कंपनीकडे सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टीम नव्हती असं अजिबात नाही. उलट जगभर नावाजलेली सिस्टीम होती आणि अपघाताच्या साधारण सहा महिने आधी मूळ कंपनीच्या टीमने येऊन तिचं ऑडिटही केलं होतं, निष्कर्ष चांगले होते. पण त्या प्लँटची हॅझॉप स्टडी (प्रक्रियेत काय काय बिघडू शकतं याचा पद्धतशीर अभ्यास) ठरवूनही कधी झालीच नव्हती, हे ऑडिटमध्ये आलं नाही. इंजिनिअर लोकांना १९९२ मध्ये प्लँटवरून मेलबर्नच्या ऑफिसात हलवलं होतं, ऑपरेटर लोकांना थंडीने स्टील ठिसूळ होतं हे शिकवलेलंच नव्हतं. महिनाभर आधी ऑगस्टमध्ये असाच अतिथंड होण्याचा प्रकार घडला होता, त्याचा इन्सिडेंट रिपोर्टच कोणी केला नाही. कंपनीने आधी ऑपरेटरवर खापर फोडायचा प्रयत्न केला, आम्ही ट्रेनिंग दिलं होतं म्हणाले. रॉयल कमिशनने ते मानलं नाही आणि जबाबदारी कंपनीवर टाकली, पुढे २००१ मध्ये वीस लाख डॉलरचा दंडही झाला.

चाकणवाला, "कामगाराचा निष्काळजीपणा" आणि "ट्रेनिंग दिलं" हे तुमच्या रिपोर्टमधले शब्द वाचून मला तेच सगळं आठवलं. ऑडिटरने सिस्टीम आहे का एवढंच बघितलं तर उत्तर हो असंच येतं. ती सिस्टीम रात्रपाळीच्या माणसापर्यंत पोचली का हा खरा प्रश्न.

वास्तव_वादी

सगळं पटतंय, पण एक विरोधी मुद्दा मांडतो. ऑडिट म्हणजे सॅम्पल असतं. दोन दिवसांत दोन माणसं सगळा प्लँट बघू शकत नाहीत आणि जे सॅम्पलमध्ये आलं नाही त्याची जबाबदारी ऑडिटरवर टाकणं बरोबर नाही. शिवाय रोज गार्ड लावणं, चावी काढून घेणं हे प्रॉडक्शनचं काम आहे, ऑडिटरचं नाही. ऑडिटकडून आपण फार अपेक्षा ठेवतो असं मला वाटतं.

मुग्धा_एस

@वास्तव_वादी, सॅम्पल असतं हे शंभर टक्के मान्य. पण सॅम्पल कुठून घ्यायचं हे ऑडिटर ठरवतो ना? जिथे माणूस मरू शकतो तिथून सॅम्पल न घेता फर्स्ट एड बॉक्समधून घेतलं तर तो निर्णय ऑडिटरचाच.

कराचीच्या बल्दिया टाउनमधली अली एंटरप्रायझेस ही गारमेंट फॅक्टरी बघा. ११ सप्टेंबर २०१२ ला तिथे आग लागली आणि अडीचशेहून जास्त कामगार गेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे दरवाजे बंद होते. त्याच्या काही आठवडेच आधी या फॅक्टरीला एसए ८००० चं (कामगारांच्या हक्क आणि सुरक्षेच्या स्टँडर्डचं) सर्टिफिकेट मिळालं होतं. पुढे कोर्टात आग मुद्दाम लावल्याचं सिद्ध झालं, ती गोष्ट वेगळी, पण आग कोणीही लावो, दरवाजा उघडा असता तर माणसं बाहेर आली असती. आणि एक्झिटचा दरवाजा उघडतो का हे बघायला सॅम्पलिंगचा कुठला मोठा अभ्यास लागत नाही, कडी ढकलून बघावी लागते.

वास्तव_वादी

हं. जिथे जीव जाऊ शकतो तिथून सॅम्पल घ्यायचं, हा मुद्दा मान्य.

पालघरचा_आबा

मी केमिकलवाल्यांची वैधानिक सेफ्टी ऑडिट करतो, आयएस १४४८९ (सेफ्टी ऑडिटचं भारतीय मानक) प्रमाणे. ते मूळ १९९८ चं, २०१८ मध्ये सुधारलेलं. इथे बरेच जण आयएसओचं ऑडिट आणि कायद्याचं ऑडिट एकच समजतात म्हणून लिहितो. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांत, म्हणजे एमएसआयएचसीमध्ये, नियम १० खाली वर्षातून एकदा बाहेरच्या तज्ज्ञाकडून ऑडिट करून तो रिपोर्ट स्वतःच्या टिप्पणीसह ३० दिवसांत अधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. चाकणवाल्यांच्या प्रेसशॉपला ते बहुधा लागणार नाही. पण लिफ्टिंग टॅकलची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी, ईटीपीच्या टाकीत उतरण्याचे नियम, हे सगळं त्यांना आहेच. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ओएसएच कोड (कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा नवा कायदा) लागू झालाय, तेव्हा तुमचं लीगल रजिस्टर (लागू कायद्यांची यादी) अजून फक्त १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टवर थांबलंय का हे आधी बघा. माझ्या मते तिथेच एक एनसी बसलेली असेल.

दुसरी गोष्ट. सगळे नवीन त्रुटी शोधायच्या मागे असतात, जुन्या त्रुटींचं काय झालं ते कोणी बघत नाही. भोपाळला युनियन कार्बाइडच्याच अमेरिकन टीमने मे १९८२ मध्ये प्लँटची सुरक्षा तपासणी केली होती आणि गंभीर त्रुटी लिहून दिल्या होत्या. नंतर सुधारणांचे प्रगती अहवालसुद्धा गेले. आणि २ डिसेंबर १९८४ च्या रात्री एमआयसीच्या (मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या) टाकीचं रेफ्रिजरेशन बंद, वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरचा पाइप काढून ठेवलेला, वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर स्टँडबायवर. ऑडिट झालं होतं, रिपोर्टही होता. म्हणून मी कुठल्याही प्लँटला गेलो की पहिला तास मागच्या रिपोर्टमधल्या "क्लोज्ड" लिहिलेल्या चार-पाच गोष्टी जागेवर जाऊन बघण्यात घालवतो. फोटो बघून क्लोजर मान्य करायचं नाही.

कामगार_प्रतिनिधी_ठाणे

इतके प्रतिसाद झाले पण कामगाराशी बोलायचं कसं यावर कोणी लिहिलं नाही. आयएसओ ४५००१ चा क्लॉज ५.४ कामगारांच्या सहभागाचा आहे आणि त्यात मॅनेजर नसलेल्या कामगारांवर खास भर दिलाय. तुमच्या सेफ्टी कमिटीत कामगारांच्या बाजूने कोण बसतं ते बघा. फॅक्टरी ॲक्टच्या ४१जी मध्ये दोन्ही बाजू समसमान हव्यात असं होतं, प्रत्यक्षात कामगारांच्या बाजूला लाइन लीडर बसवतात आणि कंत्राटी कामगारांचा तर एकही नसतो, जरी प्रेसवर निम्म्याहून जास्त तेच असले तरी. कमिटीची मिनिट्स वाचा. कामगाराने मांडलेला मुद्दा आणि त्यावर मॅनेजमेंटने दिलेलं उत्तर अशी एक तरी जोडी सापडते का?

बोलताना सुपरवायझरला लांब ठेवा, प्रेमाने सांगा की पाच मिनिटं आम्हालाच बोलू द्या. "ट्रेनिंग मिळालंय का" असं विचारलं की उत्तर "हो साहेब". त्याऐवजी विचारा, पार्ट डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) अडकला तर काय करता? दाखवा. तो जर हात घालून दाखवायला लागला तर तुमचं ट्रेनिंग रेकॉर्ड तिथेच संपलं. चिमटा आहे का, मॅग्नेट आहे का, तो वापरून टार्गेट पूर्ण होतं का हेही विचारा. तासाला किती नग मागतात आणि गार्ड लावून किती निघतात हा हिशोब मांडल्याशिवाय बटणाला टेप का लागते हे कधीच कळणार नाही. कामगार मजा म्हणून टेप लावत नाही.

आणि रात्रपाळीला जा. निदान एकदा तरी, रात्री दोनच्या सुमारास. ईएचएसचा माणूस नसतो, मेंटेनन्सला एकटा असतो, कंत्राटदाराचा सुपरवायझर झोपलेला असतो. अपघात झाला तर ॲम्ब्युलन्स कोण बोलवणार, ड्रायव्हर कुठे आहे, एवढं विचारून बघा.

ईटीपी_वाली

प्रेसबद्दल सगळ्यांनी लिहिलंच आहे, मी टाकीबद्दल लिहिते, कारण ईटीपी सगळ्यांच्या नजरेआड असतो आणि तिथे एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात.

मागच्या वर्षभराच्या कन्फाइन्ड स्पेस परमिटचा (टाकीसारख्या बंदिस्त जागेत उतरायच्या परवान्यांचा) गठ्ठा मागा आणि नुसता गॅस टेस्टचा रकाना वाचत जा. ऑक्सिजन २०.९ टक्के (बाहेरच्या हवेइतका), एलईएल (पेट घेणारा वायू) शून्य, एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू) शून्य, प्रत्येक परमिटवर तेच आकडे, एकाच अक्षरात, एकाच पेनाने. स्लज साचलेल्या टाकीत वर्षभर एकदाही काहीच बदल नाही? मग टेस्टची वेळ बघा, परमिट दिल्याची वेळ आणि टेस्टची वेळ मिनिटालाही वेगळी नसेल तर टेस्ट टाकीवर झाली की टेबलावर? मग डिटेक्टर मागा. कॅलिब्रेशनची तारीख बघा, तुमच्यासमोर चालू करायला लावा, बॅटरी आहे का बघा. बऱ्याच मल्टिगॅस डिटेक्टरमध्ये आतली नोंद काढता येते, परमिटच्या दिवशी तो चालू होता की नाही ते त्यात दिसतं. कागद आणि यंत्र जुळलं नाही तर वाद घालायला काही उरत नाही.

बाहेर उभ्या राहणाऱ्या माणसालाही एकच प्रश्न विचारा, आतला माणूस कोसळला तर तुम्ही काय करणार? "उतरून बाहेर काढणार" असं म्हणाला तर तिथल्या तिथे काम थांबवा, एनसी नंतर लिहा.

चाकणवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून टीममधल्या दोघांना वाचायला दिलंय. आता मुख्य अडचण: प्लँट हेड. खऱ्या एनसी लिहिल्या तर सर्टिफिकेट जाईल अशी त्यांना भीती आहे. आमच्या कन्सल्टंटनेही तेच भरवलंय.

मुग्धा_एस

उलट आहे. इंटर्नल ऑडिटमध्ये गंभीर मुद्दा सापडला, कारण शोधलं, काम सुरू आहे, हे बाहेरच्या ऑडिटरला दिसलं तर तो सिस्टीम चालू असल्याचा पुरावा असतो. अपघात झालाय, दोन बोटं गेलीयेत आणि इंटर्नल ऑडिट कोरं आहे, हे दिसलं तर मी तरी इंटर्नल ऑडिटवरच, क्लॉज ९.२ वर, एनसी लिहीन. आणि मेजर (गंभीर) एनसी आली तरी सर्टिफिकेट लगेच जात नाही, दुरुस्तीला मुदत मिळते.

कन्सल्टंटबद्दल एक खात्री करून घ्या, तो सर्टिफिकेशन बॉडीशी जोडलेला नाही ना? आयएसओ १७०२१ प्रमाणे ज्यांनी तुमची सिस्टीम उभी केली किंवा इंटर्नल ऑडिट केलं त्या बॉडीला किमान दोन वर्षं तुम्हाला सर्टिफिकेट देता येत नाही.

पालघरचा_आबा

प्लँट हेडना घेऊन प्रेससमोर जा. कॉन्फरन्स रूममध्ये स्लाइडवर दाखवू नका. टेप लावलेलं बटण सापडलं तर ते त्यांच्या डोळ्यांनी बघू दे, बाकी बोलायची गरज पडत नाही.

चाकणवाला

ऑडिट झालं, अपडेट देतो. आबांच्या सल्ल्याप्रमाणे पहिला तास "क्लोज्ड" गोष्टींवर घालवला, त्यातल्या निम्म्या उघड्याच निघाल्या. प्रेसशॉपमध्ये बायपासच्या चाव्या सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये, टेस्ट रॉड नाहीच. रात्रपाळीला गेलो तेव्हा दोन मशीनवर कर्टन बायपास करून काम चालू होतं, ती तिथेच बंद करायला लावली. परमिटवरचे आकडे अगदी ईटीपी_वाली ताई म्हणाल्या तसेच, सगळीकडे २०.९. लीगल रजिस्टर २०२० नंतर उघडलेलं नाही. एनसी सगळ्या लिहिल्या. प्लँट हेडना प्रेससमोर नेलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनीच मेंटेनन्सला बोलावून चाव्या स्वतःकडे घेतल्या.

आता एक तांत्रिक प्रश्न उरलाय. मेंटेनन्सवाले म्हणतात सगळ्या प्रेसना लाईट कर्टन लावून टाकू, बजेट मिळतंय. त्याने विषय संपेल का?

तळोजा_शिफ्ट

थांबा! आधी प्रत्येक प्रेसचा क्लच कोणता ते बघा. जुन्या सी टाइप प्रेसना पिन क्लच असतो, तो एकदा गुंतला की रॅम (वर-खाली होणारा भाग) पूर्ण फेरी मारल्याशिवाय मध्ये थांबत नाही, तुम्ही कितीही चांगला कर्टन लावा. तिथे फिक्स गार्ड, नाहीतर हात आत जाणारच नाही असा बंद डाय, नाहीतर न्यूमॅटिक क्लच (हवेच्या दाबावरचा, मध्येच थांबवता येणारा) बसवून घेणं हेच पर्याय. पिन क्लचवर कर्टन लावला तर उलट धोका वाढतो, कारण कामगार त्याच्या भरवशावर हात घालतो.

न्यूमॅटिक क्लचवर कर्टन चालेल, पण अंतर मोजून. आयएसओ १३८५५ चा (असं अंतर ठरवायच्या स्टँडर्डचा) हिशोब साधा आहे, हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी धरायचा आणि त्याला थांबायच्या एकूण वेळेने गुणायचं. मशीनला थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर १४ मिमी रिझोल्यूशनच्या (एवढी बारीक वस्तूही पकडणाऱ्या) कर्टनला डायपासून निदान ४०० मिमी अंतर हवं. रिझोल्यूशन त्याहून जाड असेल तर आणखी लांब. ब्रेक लायनिंग झिजून तीच वेळ ०.२५ झाली तर ४०० चे ५०० होतात, कर्टन मात्र जागच्या जागीच असतो. म्हणून थांबायची वेळ स्टॉप टाइम मीटरने मोजून घ्या आणि ते मोजमाप प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सच्या शेड्यूलमध्ये टाका, नुसती एकदा बसवताना नको. कर्टनच्या वरून, खालून आणि बाजूने हात जातो का तेही बघा, बाजूला जाळी लागेल.

चाकणवाला

पिन क्लचवाल्या प्रेस बऱ्याच आहेत आमच्याकडे, ज्या मशीनवर त्या पोराची बोटं गेली तीसुद्धा त्यातलीच. उद्या सकाळी मेंटेनन्सबरोबर बसून प्रत्येक प्रेसची यादी करतो, क्लच कोणता आणि गार्ड कोणता, आणि कर्टनची पीओ (खरेदीची ऑर्डर) तोपर्यंत थांबवायला सांगतो.